पातळी राखताना

पावसाळा लागला की पुण्याची माणसं सकाळी उठून आमच्या पानशेतचा आकडा वाचतात. धरण किती टक्के भरलं, कालच्यापेक्षा किती वाढलं, विसर्ग किती क्युसेकचा. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून 29.15 टीएमसी, त्यात एकट्या पानशेतचं 10.65. शहरातल्या कितीतरी जणांना हे आकडे पाठ असतात, कारण वर्षभराचं नळाचं पाणी त्यांवर ठरतं. आम्ही धरणाच्या काठाला राहणारी माणसं पाण्याकडे नुसतं बघून सांगतो, कुठल्या झाडाच्या बुंध्याला लागलंय, कुठली पायवाट बुडाली. मी मात्र रोज सकाळी आणखी एक आकडा बघते. तो माझ्या स्वतःच्या रक्तदाबाचा, आणि तो कुठल्याच झाडावरून, कुठल्याच पायवाटेवरून कळत नाही.

या दुखण्याची खरी अडचण तीच. ते दुखत नाही. आमच्याकडे डोकं ठणकलं, घेरी आली की ‘बीपी वाढलं’ म्हणतात आणि डोकं शांत असलं की बीपीही शांत असणार असं धरून चालतात. प्रत्यक्षात वरचा आकडा 170 असलेला माणूस भाताच्या खाचरात दिवसभर वाकून लावणी करतो, संध्याकाळी हसतखेळत जेवतो आणि त्याला काही म्हणता काही जाणवत नाही. त्या वेळात त्याच्या हृदयाचा स्नायू जाड होत असतो, मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या कडक होत असतात. शरीर तक्रार करत नाही म्हणून मोजावं लागतं, दुसरा उपाय नाही.

मोजायचीही रीत आहे आणि ती मी फार मनापासून पाळते. उठल्यावर लघवीला जाऊन यायचं. चहा नाही, गोळीही अजून नाही. पाठ टेकून खुर्चीत बसायचं, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी घालायची नाही. हात टेबलावर असा ठेवायचा की दंडावरचा पट्टा छातीच्या पातळीला येईल. पट्टा उघड्या दंडावर, कोपरापासून दोन बोटं वर. मग पाच मिनिटं गप्प. घरातलं कुणी काही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही, कारण नुसत्या बोलण्यानंही आकडा वर जातो. बटण दाबलं की मशीन गुणगुणतं, पट्टा दंड आवळत जातो, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, क्षणभर आपली नाडी आपल्यालाच दंडात ठोके देताना जाणवते आणि मग हवा हळूहळू सुटते. एक मिनिट थांबून पुन्हा एकदा. दुसरा आकडा बहुधा पहिल्यापेक्षा खाली असतो. मी दोन्ही लिहिते.

हे दंड आवळणं 1896 सालचं आहे. इटलीतल्या रिवा-रोची नावाच्या डॉक्टरनं हवेचा पट्टा आणि पाऱ्याची नळी जोडून वरचा आकडा मोजला. खालचा आकडा मिळायला 1905 साल उजाडलं. कोरोटकॉफ या रशियन शल्यविशारदानं पट्ट्याखाली नळी लावून कान दिला आणि हवा सोडताना ठोके कुठे सुरू होतात, कुठे विरतात ते सांगितलं. माझ्या लहानपणीच्या डॉक्टरांच्या टेबलावर पाऱ्याचं ते लांबट खोकं असे. झाकण उघडलं की पारा चमकायचा. आता पाऱ्याची यंत्रं मागं पडली, तरी आकडा अजून पाऱ्याच्याच मिलिमीटरांत सांगतात.

एका आकड्याला फारसा अर्थ नसतो, हे मला वहीनं शिकवलं. माझ्या वहीत तारीख, वेळ, वरचा, खालचा, नाडी असे रकाने आहेत आणि शेवटी एक रुंद रकाना मोकळा. त्यात मी काहीबाही टिपत असते. ‘रात्री झोप नाही, गाय व्याली.’ ‘काल लग्नाचं जेवण, पापड-लोणचं.’ ‘कडाक्याची थंडी, पाण्यावर धुकं.’ ‘लेकीचा फोन आला, बरं वाटलं.’ आकड्यांपेक्षा हा रकानाच मी जास्त वेळा उलटून वाचते. रक्तदाब दिवसातून कितीदा तरी चढतो-उतरतो. झोपेत तो खाली जातो, पहाटे जाग येण्याच्या सुमारास चढू लागतो. दवाखान्यात डॉक्टरांसमोर ज्यांचा तो वीस-वीसनं चढतो अशी माणसं आहेत आणि याच्या उलट, दवाखान्यात अगदी शहाण्यासारखा वागून ज्यांचा तो घरी चढतो अशीही आहेत. म्हणून दवाखान्यातली मर्यादा 140/90 ची आणि घरची 135/85 ची. डॉक्टरांकडे जायच्या आधीचा आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून ती वही त्यांच्यापुढे ठेवली, की बोलणं एका आकड्यावर न होता त्या आठवड्यावर होतं.

पानशेतची थंडी पुण्यापेक्षा बोचरी. डोंगरांच्या मध्ये एवढं पाणी साचलेलं, पहाटे वारा सुटतो. डिसेंबर-जानेवारीत माझे आकडे वर सरकतात, कारण थंडीनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. चैत्र-वैशाखात ते खाली येतात. उन्हाळ्यात घामानं अंगातलं पाणी आणि मीठ जातं आणि तीच गोळी कधी जरा जड पडते. खाली बसून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी बसून मोजायचं, मग उभं राहून एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी मोजायचं. वरचा आकडा उभं राहिल्यावर वीसनं किंवा त्याहून जास्त पडत असेल तर डॉक्टरांना सांगायचं. आपल्या मनानं गोळी अर्धी करायची नाही. ती किती करायची ते डॉक्टर ठरवतात, आणि वही असली की नेमकं ठरवतात.

याच्या पलीकडे तासातासाला पट्टा बांधणारी माणसंही मी पाहिली आहेत. आकडा बघून घाबरायचं, घाबरल्यामुळे वाढलेला आकडा पुन्हा बघायचा. त्यांच्याबद्दल मला कळवळा वाटतो. मोजण्याच्या वेळा ठरवून घेतल्या की उरलेला दिवस आपला राहतो. आणि दुसरी एक गोष्ट मला पटत नाही. बीपी म्हटलं की लोक चटकन म्हणतात, ‘टेन्शन घेता तुम्ही फार.’ जणू दुखणं स्वभावाचं आहे आणि दोष ज्याचा त्याचा. वय, आईबापांकडून आलेला वारसा, ताटातलं मीठ, ताठर होत गेलेल्या रक्तवाहिन्या, एवढी सगळी कारणं बाजूला ठेवून माणसाला त्याच्या काळजीबद्दल बोल लावायचा, हे मला फार अन्यायाचं वाटतं. आमच्या डोंगरातल्या बायकांनी काळजी करायची नाही तर काय करायचं?

मिठाचं तर विचारूच नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आमच्या पावसाळी ताटात नाचणीची भाकरी, सुकट नाहीतर बोंबील, मिरचीचा खर्डा, आंब्याचं लोणचं. बाहेर धो धो पाऊस, भाजी मिळायची मारामार, तेव्हा हेच कोरड्यास. पाच ग्रॅम तर एका जेवणात पोटात जातं. मी सुकट आधी भाजते, मग गरम पाण्यात दोनदा धुऊन घेते आणि कालवणात वेगळं मीठ घालत नाही. चव थोडी उतरते. महिनाभरात जिभेला त्याची सवय झाली.

सासूबाईंचं औषध सुरू झालं ते त्यांचं वय सत्तरीपुढे गेल्यावर. उपकेंद्रातली सिस्टर घरी आली, पट्टा बांधला आणि आकडा बघून तिनं पुन्हा बांधला. सासूबाई म्हणाल्या, “मला काय झालंय गं? म्या चांगली ठणठणीत हाय.” त्यांनी नुकतीच मिसरी लावली होती. हे सिस्टरच्या लक्षात आलं, कारण आमच्या मावळात पहाटे मिसरी लावल्याशिवाय म्हाताऱ्या बायकांचा दिवस उगवत नाही, आणि भाजलेली असली तरी तंबाखू ती तंबाखूच. तिनं चूळ भरायला लावली, अर्धा तास ओट्यावर बसून राहिली, गावच्या गोष्टी काढल्या, मग पुन्हा मोजलं. आकडा उतरला होता, पण उतरून उतरून किती उतरणार. दवाखान्यातून गोळ्या आल्या. अर्धा तास थांबणाऱ्या त्या मुलीबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो शब्दांत मावत नाही.

दोन-तीन महिन्यांनी सासूबाईंचा आकडा 128/76 आला. सगळ्यांना आनंद झाला आणि त्याच संध्याकाळी त्या म्हणाल्या, “आता उतरलं ना? मग गोळी कशापायी?”

हा प्रश्न मी या भागातल्या किती ओट्यांवर ऐकला असेल! विचारणारा अडाणी असतो असं मुळीच नाही. ताप उतरला की गोळी थांबते, जखम भरली की पट्टी सुटते, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. शेजारचे एक काका याच हिशेबानं थांबले होते. वर्षाच्या आत एका रात्री त्यांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना. पाऊस, अंधार, वळणावळणांचा रस्ता, जीपमध्ये मागच्या बाकावर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली काकू. वाचले ते, पण पुढे भाकरी डाव्या हातानं खाऊ लागले.

सासूबाईंना मी धरणच दाखवलं. आमच्या घरून पाणी दिसतं. जुलै-ऑगस्टात धरण भरत आलं की वीजगृहातून आणि सांडव्यावरून पाणी सोडतात. पाऊस थांबलेला नसतो, डोंगरातून लोंढे येतच असतात, तरी पातळी ठरल्या रेषेवर राहते. ती रेषा दिसते म्हणून कुणी दारं लावून घेत नाही, कारण दारं उघडी आहेत म्हणूनच ती रेषा तिथं आहे. तुमचा 128 तसा आहे, म्हटलं. गोळी पाणी सोडतेय म्हणून तो 128 आहे.

त्यांना हे याहून जास्त समजावून सांगावं लागलं नाही. 12 जुलै 1961 त्यांनी पाहिलेला होता. पानशेतचं मातीचं नवं धरण, काम पुरतं झालेलं नव्हतं, पाणी बाहेर काढायच्या मोरीचं काम अपुरं आणि पहिल्याच पावसाळ्यात आंबी नदी तुडुंब भरून आलेली. मोरीवरचा भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर मातीच्या गोण्या रचल्या. सकाळी धरण फुटलं, दुपारी खालचं खडकवासलाही गेलं आणि पुण्यात जे झालं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आमच्याकडची जुनी माणसं पुराबद्दल बोलताना फार खालच्या आवाजात बोलतात. ‘पाण्याला वाट पायजे होती,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि गोळीचं पाकीट माझ्या हातून घेऊन कनवटीला लावलं.

एके काळी ही वाटच नव्हती, हे मला सारखं आठवतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब 1944 च्या मार्चमध्ये 186/108 होता. दुसऱ्या महायुद्धाचा भार त्यांच्या खांद्यावर, जगातले उत्तम डॉक्टर दिमतीला, आणि त्या डॉक्टरांच्या हाती होतं काय? विश्रांती, मीठ कमी, थोडी झोपेची औषधं. 12 एप्रिल 1945 ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा आकडा 300/190 होता. त्यानंतर चारच वर्षांनी, 1949 मध्ये, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये पन्नास रुग्णांवरचा आपला अभ्यास छापला. औषध होतं सर्पगंधा. आयुर्वेदाच्या जुन्या परंपरेतलं, आपल्या सह्याद्रीच्या जंगलातही वाढणारं झुडूप. त्याच्या मुळीनं रक्तदाब उतरतो हे त्यांनी जगातल्या डॉक्टरांना पटेल अशा रीतीनं मांडलं आणि 1957 मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे त्या औषधानं काही रुग्णांचं मन खचतं असं दिसलं, त्याहून सौम्य औषधं आली आणि सर्पगंधा मागं पडली. पण जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला जी गोळी मिळाली नाही, ती आज सासूबाईंच्या कनवटीला आहे. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

2017 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारच्या पुढाकारानं उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम पाच राज्यांतल्या पंचवीस जिल्ह्यांत सुरू झाला. आपल्याकडे त्यात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा होते. त्याची कल्पना साधी होती. ठरलेली मोजकी औषधं, ठरलेल्या क्रमानं, प्रत्येक रुग्णाचं कार्ड, आणि जो महिन्याला आला नाही त्याचा शोध. मला त्यातलं हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आलेल्याचा आकडा कुणीही लिहील. न आलेला कुठे आहे, तो का आला नाही, हे बघणारं कुणीतरी हवं.

आमच्या वेल्हे तालुक्यात, म्हणजे आताच्या राजगडात, न येण्याची कारणं बहुतेक वेळा डोंगरातलीच असतात. शिरकोली, घोळ, टेकपोळे या बाजूची वस्ती पाण्याच्या पार मागच्या अंगाला. पावसात दरड आली, एसटी फिरकली नाही, लावणीच्या दिवसांत मजुरी बुडवून यायचं कसं, आणि एवढं करून आलं तर गोळ्या आठ दिवसांच्याच मिळाल्या, बाकीच्या संपल्या. असं एकदा झालं की माणूस पुन्हा येत नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही.

मृगाच्या आधी आमच्याकडे घरोघर पावसाळ्याची बेगमी होते. फाटी रचतात, गोवऱ्या झाकतात, तांदूळ, नाचणी, सुकट, मीठ, रॉकेल, गुरांचा पेंढा. याच यादीत आता गोळ्या याव्यात, असं मी ग्रामसभेत मांडलं आहे. ज्यांचा आकडा स्थिर आहे त्यांना मेअखेर तीन महिन्यांचं औषध एकदम द्यावं, आणि प्रत्येक वाडीत एक मशीन आशाताईंजवळ ठेवावं, पट्टे दोन मापांचे, कारण हडकुळ्या म्हातारीचा दंड आणि पैलवानाचा दंड एका पट्ट्यात नीट मोजता येत नाही. वाडीवार नावांची यादी आम्ही बायका मिळून करतो आहोत. सासूबाईंनी त्यात आपल्या माहेरच्या चार भावजयांची नावं सांगितली आणि बजावलं, त्यांच्याकडे जाल तेव्हा मिसरी लावायच्या आत जा.