न झोपणारी गाडी

रेवदंड्याला आमच्या वाडीत बाबांची २००४ सालची पेट्रोल गाडी उभी असते. वर्षभरात तिच्या दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. दर वेळी नाटक तेच. मी शनिवारी सकाळी मुंबईहून पोचायचो, बाबा म्हणायचे, "अरे, परत उतरली रे बॅटरी." मग शेजारच्या काकांच्या मिनीडोअरला केबल जोडून गाडी चालू करायची, आईला घेऊन काशिदपर्यंत चक्कर मारायची, की रविवारी सकाळी गाडी पहिल्या सेल्फला चालू. "बघा बाबा, काही झालेलं नाहीये!" असं म्हणून मी परत मुंबईला.

असं वर्ष गेलं. मग जुलैमधल्या एका रात्री आईला दम लागला. बाबांनी चावी फिरवली तर नुसतं 'टक्'. बाहेर धो धो पाऊस. शेवटी काकांनी मिनीडोअर काढली आणि सतरा-अठरा किलोमीटर अलिबागला नेलं. दोन दिवसांनी आई घरी आली, आता बरी आहे. पण फोनवर बाबा गाडीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मला तेच जास्त लागलं.

पुढच्या शनिवारी मी मल्टिमीटर घेऊनच गेलो. त्याआधी गाडी एका गॅरेजला दाखवून झाली होती. त्यांचं निदान, ईसीएम गेलाय, नवा टाका, अठरा हजार. ईसीएम म्हणजे इंजिनाचा मेंदू. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ही भानगड नव्हती. १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीसाठी युरो नियमांची सक्ती केली, पाठोपाठ मुंबईलाही कडक नियम आले, आणि बघता बघता प्रत्येक पेट्रोल गाडीत कॉम्प्युटर येऊन बसला. धूर कमी झाला हे खरंच, पण आता गाडी बंद केली तरी आत कुणीतरी थोडं जागं असतं. घड्याळ, रेडिओ, ईसीएमची मेमरी. सगळं मिळून वीस ते पन्नास मिलिअँपिअर चालतात. त्याच्यावर गेलं की समजायचं, कुठेतरी गळतंय.

मोजायची पद्धत सोपी आहे, फक्त धीर पाहिजे. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची आणि मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून मध्ये जोडायचा. दाराचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरने बंद करून ठेवायचं, नाहीतर आतला दिवा लागतो आणि आपण दिव्याचाच करंट मोजत बसतो. मग अर्धा तास गाडीला हात लावायचा नाही. आणि मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही! स्टार्टर शंभरावर अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा.

दुपारी चार वाजता मोजलं. ३० मिलिअँपिअर. एकदम सज्जन गाडी. या हिशोबाने ३५ अँपिअर-तासाची बॅटरी दीड महिना टिकायला हवी. मी बाबांना सांगणारच होतो, "बघा, काही..." आणि जीभ चावली. बॅटरी उतरते ती रात्री, आणि मी मोजतोय उन्हात!

पहाटे पाचला टॉर्च घेऊन परत गेलो. पाऊस थांबला होता, पण हवा अशी की शर्ट अंगाला चिकटावा. मीटरवर ४१०. गॅरेजवाल्याला दिवसा काही सापडलं नाही यात त्याची काय चूक? बग फक्त रात्रीच येत होता.

आता एकेक फ्यूज काढायचा. ईसीएमचा १५ अँपिअरचा फ्यूज काढला आणि आकडा २० वर. म्हणजे चोर ईसीएमच? क्षणभर अठरा हजार डोळ्यांसमोर आले. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट ठेच लागून शिकलोय, सर्व्हरचा सीपीयू जो खातो तो गुन्हेगार असतोच असं नाही. त्याला कुणीतरी सारख्या रिक्वेस्ट पाठवत असतं. ईसीएम जागा आहे ठीक आहे, पण त्याला जागं कोण ठेवतंय?

चावी फिरवली की एका पातळ वायरीवरून ईसीएमला १२ व्होल्टचा निरोप जातो, 'उठ'. चावी काढली की तिथे शून्य हवं. चावी माझ्या खिशात होती आणि त्या वायरीवर ७ व्होल्ट! इग्निशन स्विचचा कनेक्टर काढून बघितला, तरी ७. म्हणजे गळती स्विचमध्ये नाही, त्याच्या पुढे, ईसीएमच्याच कनेक्टरमध्ये.

बॅटरी सोडून तो कनेक्टर उपसला. डाव्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाशी, डॅशबोर्डच्या आत असतो. दोन पिनांच्या मध्ये तांब्याच्या भांड्यावर येतो तसला हिरवा गंज आणि पांढरट मीठ. एका पिनेवर कायमचे १२ व्होल्ट, शेजारची पिन 'उठ' वाली. मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून ओलं होतं आणि ओलं मीठ वीज वाहून नेतं. दिवसा गाडी उन्हात तापली की सुकतं, रात्री परत ओलं. ईसीएम बिचारा निर्दोष. त्याला वाटत होतं, चावी चालूच आहे. म्हणूनच स्कॅनरला एकही एरर कोड सापडला नव्हता.

आणि पाणी आत आलं कुठून? वायपरखालच्या पन्हाळीचं भोक माडाच्या कचऱ्याने बुजलं होतं. पावसाचं पाणी तिथून थेंब थेंब आत.

कचरा काढला. कॉन्टॅक्ट क्लीनर, जुना टूथब्रश, आईचा हेअर ड्रायर आणि शेवटी कनेक्टरला ग्रीस. खर्च चारशेच्या आत. दुसऱ्या दिवशी पहाटे, तशाच दमट हवेत मोजलं, २५ मिलिअँपिअर.

आवराआवर करताना ड्रायव्हर सीटखाली दहा नंबरचा पाना सापडला. बाबांना विचारलं, हा इथे कसा?

"रोज रात्री बॅटरीची वायर सोडून ठेवायचो. सकाळी लावली की गाडी चालू. त्या रात्री पाऊस होता म्हणून बाहेर गेलो नाही."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू म्हणालास ना, काही झालेलं नाहीये."

टेस्टर बग घेऊन आला की आम्ही शहाणपणाने सांगतो, 'माझ्या मशीनवर तर चालतंय'. मी वर्षभर बाबांना हेच सांगत होतो. आठवडाभर उभी राहिल्यावर ती काय करते, हे त्यांना माहीत होतं. मी मात्र तिला फक्त शनिवार-रविवारी, पळवून चार्ज केल्यावरच बघत होतो.

असो. मल्टिमीटर रेवदंड्यालाच ठेवून आलोय. बाबा रोज सकाळी व्होल्टेज मोजतात आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवतात. बुधवारी मी मुद्दाम फोन करून आकडा विचारतो. आज १२.५ होता. मग थोडं आईबद्दलही बोलणं होतं.