नव्वद दिवसांचे सासर

आपल्या मराठी घरांतून परदेशी जाण्याचे दोन प्रकार आता चांगले रुळले आहेत. एक, मुलामुलींकडे जाणे. लेकीचे बाळंतपण करायचे, नातवंडे सांभाळायची, आणि दुपारभर खिडकीशी बसून रस्त्यावर एखादे माणूस दिसते का ते पाहायचे. दुसरा, सहलीबरोबर जाणे. बारा दिवसांत सहा देश, पहाटे पाचला बॅगा दाराबाहेर, आणि परतल्यावर कोणता पूल कोणत्या गावचा यावरून नवराबायकोत मतभेद. पहिल्यात घर असते पण गाव नसते. दुसऱ्यात गावे असतात पण घर नसते. येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी तिसरा प्रकार करून पाहायचे ठरवले आहे. एकाच परक्या गावात बिऱ्हाड करायचे, तीन महिने राहायचे, आणि राहायचे ते तिथल्या माणसांसारखे.

गाव निवडले इटलीतले बोलोन्या. माझी भाची तिथे दोन वर्षे शिकत होती, आणि तिच्या बोलण्यातून ते गाव आमच्या घरात आधीच येऊन बसले होते. तिथले विद्यापीठ १०८८ सालचे मानतात. गावाला तिथले लोक तीन विशेषणे लावतात : विदुषी, गुबगुबीत आणि लाल. विदुषी विद्यापीठामुळे, गुबगुबीत खाण्यापिण्यामुळे आणि लाल विटांच्या रंगामुळे. सराफ्यात मध्यरात्री खाणाऱ्या इंदूरकरांना यातले दुसरे विशेषण तरी परके वाटू नये. शिवाय रस्त्याकडेच्या घरांखालून कमानींच्या पडव्या गेल्या आहेत, त्यांची लांबी सगळी मिळून सुमारे ६२ किलोमीटर भरते. २०२१ साली त्यांचा जागतिक वारशात समावेश झाला. ऊन असो की पाऊस, छत्रीशिवाय चालता येते. आमच्या वयाला एवढे कारण पुरेसे आहे.

तीन महिने म्हणताना वाटते सोपे, पण पाहुण्याला तिथे राहता येते कोणत्याही १८० दिवसांत फार तर ९० दिवस, आणि पोचण्याचा व निघण्याचा दिवसही त्यातच मोजतात. जून, जुलै, ऑगस्ट मिळून दिवस होतात ९२. म्हणून आम्ही ३ जूनला पोचून ३१ ऑगस्टला निघायचे, असा हिशेब कॅलेंडरवर बोट ठेवून केला. अर्थात व्हिसावर जितके दिवस लिहून येतील तितकेच आपले. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. किमान ३० हजार युरोंचा आजारपणाचा विमा, परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि बँकेची कागदपत्रे लागतात. जागेचा करार तीस दिवसांहून अधिक मुदतीचा असला तर तो सरकारदरबारी नोंदवावा लागतो. भाचीने घरमालकाला विचारायच्या प्रश्नांची यादी करून दिली : लिफ्ट आहे का, खिडक्यांना लाकडी झडपा आहेत का, डासांची जाळी आहे का. युरोपात डास कुठले, असे हे म्हणाले. पण पो नदीच्या त्या सखल मैदानात उन्हाळाही कडक आणि डासही भरपूर.

इथवर सारे कागदावरचे. खरा प्रश्न निघाला तो स्वयंपाकघराचा.

"तिथल्यासारखे राहायचे तर हॉटेल नको, स्वयंपाकघरासकट घर घेऊ," हे मोठ्या उत्साहाने म्हणाले.

"अहो, मग सुट्टी कोणाची?" मी विचारले.

हे गप्प झाले. चाळीस-पंचेचाळीस वर्षे ज्या ओट्यापाशी उभी राहिले, तोच ओटा समुद्रापार नेऊन मांडायचा असेल तर तो प्रवास यांचा, माझी नुसती बदली. बरे, बाहेर जेवावे तर आम्ही दोघेही शाकाहारी. तिथली पियादिना दिसायला आपल्या पोळीची बहीण, पण जुन्या रीतीने तिच्या पिठात डुकराची चरबी घालतात. ती न घातलेली मागून घ्यावी लागते. त्या प्रांताचे नाव जगभर करणारे पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या द्रव्याने दूध विरजून करतात, आणि ते पानोपानी किसून पडते. म्हणजे चूल टळत नाही. अखेर लेखी तह झाला. सकाळचा नाश्ता आणि भांडी यांच्याकडे, रात्रीचे जेवण माझ्याकडे, आणि दुपारी फळे, पाव, टोमॅटो, जे असेल ते. मंदसोरच्या तहात होळकरांनी १८१८ साली काय काय गमावले ते इंदूरकरांना ठाऊक आहे. मी मात्र एकही परगणा सोडलेला नाही. गेल्या महिन्यापासून यांची पोह्यांची तालीम सुरू आहे.

या तहावर बोलता बोलता माझ्या मनात आले, की परक्या ठिकाणी तिथल्यासारखे राहण्याचे हे कौतुक पुरुषांना नवे असेल. आम्हा बायकांना नाही. प्रत्येक लग्न झालेली बाई हे एकदा करून बसलेली असते. मी १९७९ साली पुण्याहून इंदूरला आले, तेव्हा मराठीच घरात आले होते. तरी पहिल्या सकाळी ओले खोबरे भुरभुरलेल्या पोह्यांऐवजी वाफेवरचे पोहे, वर शेव, जिरावण आणि शेजारी जिलबी, असे पान समोर आले. माझ्या बोलण्याला घरातली मुले हसत, आणि त्यांच्या बोलण्यातली माळवी मला कळत नसे. सासूबाईंनी एकच सांगितले होते, "आधी घराची वेळ शीक, चव आपोआप येईल." त्यांच्या सासूबाईही बाहेरूनच आलेल्या, आणि हे सबंध घराणे कधीकाळी होळकरांच्या मागे दक्षिणेतून इथे आलेले. आज पुण्याला गेले की शेव नसलेले पोहे मलाच उघडेबोडके वाटतात.

म्हणून बोलोन्याची तयारी मी सासूबाईंच्या सूत्राने करते आहे. पहिली, गावाची वेळ. पुष्कळशी छोटी दुकाने दुपारी मिटतात, झडपा ओढून गाव सावलीत जाते. दुपारचे जेवण अडीचच्या आत उरकते आणि रात्रीची भोजनगृहे साडेसातच्या आधी उघडत नाहीत. दुधाची फेसाळ कॉफी सकाळची. जेवणानंतर काळी, घोटभर, उभ्या उभ्या. जूनमध्ये सूर्य मावळतो नऊच्या सुमारास, म्हणजे आमची दिवेलागण रात्री नऊला! त्याच महिन्याच्या अखेरीस गावच्या मोठ्या चौकात उघड्यावर जुने चित्रपट दाखवतात. जुन्या चित्रपटांचा हा महोत्सव १९८६ पासून चालतो. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ची मूळ फिल्म १९९३ साली लंडनच्या आगीत होरपळली होती. ती याच गावच्या कारागिरांनी चिकाटीने सावरली, आणि २०१५ मध्ये तो चित्रपट पुन्हा पडद्यावर आला. अपू आणि दुर्गेवर एवढी माया करणारे गाव अगदीच परके कसे म्हणावे?

ऑगस्टात मात्र परीक्षा आहे. १५ ऑगस्टला त्यांचा 'फेर्रागोस्तो'. त्याचे मूळ ऑगस्टस बादशहाच्या काळच्या सुट्टीत, आणि तोच मेरीमातेचा सण. त्याच्या मागेपुढे दुकानदार दारावर सुट्टीची चिठ्ठी लावून डोंगरात नाही तर समुद्रावर निघून जातात. सहलीचा माणूस चिडतो, की मी आलो आणि गाव बंद! पण सासरी आलेली सून घरच्या उपासावर चिडत नाही. आधीच डाळ-तांदूळ भरून ठेवते.

दुसरी, गावाची रीत. मंडईत फळांना हात लावायचा नाही, विक्रेताच निवडून देतो. मोठ्या दुकानात हातमोजा चढवून घ्यायचे, स्वतः तोलायचे आणि चिठ्ठी चिकटवायची. वांगे दाबून पाहणाऱ्या आपल्या हाताला हे जड जाणार. कचरा मात्र वेगवेगळा करून ठरल्या वेळीच बाहेर ठेवायचा, आणि त्यात २०१७ पासून स्वच्छतेचे मानकरी ठरत आलेल्या इंदूरच्या बाईला कोण काय शिकवणार?

तिसरी, भाषा. रोज पाच शब्द, अशी आमची शिकवणी चालू आहे. त्यातला एक मला फार आवडला : 'पेर्मेस्सो'. कुणी आग्रहाने घरी बोलावले, दार उघडून उभे राहिले, तरी उंबरठा ओलांडताना पाहुण्याने म्हणायचे, पेर्मेस्सो, येऊ का? मला वाटते, परक्या गावात राहण्याचे सगळे शास्त्र या एका शब्दात आले. नव्वद दिवसांत कोणी तिथला होत नाही. इंदूरचे व्हायला आपल्याला पिढ्या लागल्या, आणि तरीही आपण घरात मराठी ठेवलीच. नव्वद दिवसांत होता येईल ते चांगले शेजारी. जिन्यात हसून नमस्कार करणारे, दुपारी आवाज न करणारे, विचारून आत येणारे.

आणि सुनेने सगळेच सोडावे असेही नाही. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, म्हणून तूप आणि पेढे इथेच राहतील. आंब्यालाही दाखल्याशिवाय प्रवेश नाही. इथे मृग बरसत असताना आम्ही तिथे ऊन झेलत असू, माळव्यातला पावसाळा चुकेल, याची हुरहूर आहेच. मात्र पातळ पोह्यांची पिशवी आणि जिरावणाची बरणी बॅगेत ठरलेली. जुलैच्या एखाद्या सकाळी यांच्या हातचे पोहे बशीत घालून मी खालच्या मजल्यावर घेऊन जाईन. दार उघडले की आधी विचारीन, पेर्मेस्सो?