काझीच्या गढीखालचे नाशिक

नाशिकचे एक नाव गुलशनाबाद होते, हे आपल्या घरांतून अजूनही सांगितले जाते. पण त्याच्याही आधीचे, तीन हजार वर्षांपूर्वीचे नाशिक कुठे आहे, असे मुलांनी विचारले. आम्ही त्यांना काझीच्या गढीवर नेले.

गढी म्हणून इथे बुरूज किंवा दरवाजा शोधू नये. गोदावरीकाठचे हे मातीचे उंच टेकाड आहे. वर दाटीवाटीची घरे, नदीकडे उभी कड. आपल्या खेड्यांत अशा जुन्या वस्तीच्या जागेला ‘पांढर’ म्हणतात. मातीची घरे पडायची, त्यांवरच नवी उभी राहायची आणि जमीन पिढ्यान्‌पिढ्या उंच होत जायची. इराक आणि शाममध्ये अशाच टेकाडांना ‘तल्ल’ म्हणतात. तिथली कित्येक प्राचीन शहरे अशा तल्लांखालीच सापडली.

१९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी नाशिकमध्ये उत्खनन केले. वरच्या थरांत मोगल-मराठा काळ, त्याखाली रोमशी व्यापार चालत होता तो काळ, आणि तळाशी दगडाची बारीक पाती व रंगवलेली खापरे वापरणारी माणसे, असा हा उलटा वाचायचा इतिहास आहे. त्याच मोहिमेत संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे इथेही खणले गेले. तिथल्या तांबड्या, काळ्या नक्षीच्या भांड्यांवरून दख्खनच्या या सुरुवातीच्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीला जोर्वे हेच नाव मिळाले. तोटीचे तांबडे भांडे ही तिची खूण. मुलांना ते चित्रात दाखवताच धाकटी म्हणाली, “हा तर वुजूचा बधना!”

या लोकांची आणखी एक गोष्ट आम्हा मोठ्यांच्या मनात राहिली. लहान मूल दगावले तर ते त्याला दोन रांजणांची तोंडे जुळवून त्यांत ठेवत आणि घरातल्याच जमिनीखाली पुरत. इनामगाव, नेवासे, दायमाबाद इथे अशी दफने मिळाली आहेत. मुलाला घरापासून दूर न्यायचे नाही, एवढे तरी त्यातून समजते.

तुलना मात्र जपून करावी. ऊर किंवा मोहेंजोदडो यांच्यासारखी विटांची नगरे इथे नव्हती आणि ती कितीतरी आधीची. तरी धागा अगदीच तुटलेला नाही. प्रवरेकाठच्या दायमाबादला जोर्वे थरांच्या खाली उत्तर हडप्पा काळाची वस्ती निघाली. त्याच गावी १९७४ साली झाडाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी तांब्याची चार भरीव शिल्पे मिळाली. वजन साठ किलोहून अधिक. ती कोणत्या काळातली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. आपली मुले दजला-फुरात पाठ म्हणतात, ते चांगलेच आहे. प्रवरेचे नावही त्यांना यावे.

गढीवर एका खालाजान दारात बसल्या होत्या. दर पावसाळ्यात नदीकडची कड ढासळते, घर सोडा असे सांगितले जाते, संरक्षक भिंतीची मागणीही जुनीच आहे. आम्ही खालच्या प्राचीन वस्तीबद्दल सांगू लागलो. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, “खाली कोण राहत होतं ते पुढे बघा बाबा. आधी वर राहणाऱ्यांसाठी भिंत बांधायला सांगा.”

भिंत झाली तर दोन्ही वाचतील. पावसाबरोबर जी माती नदीत जाते, तिच्यातली खापरे पुन्हा थरात बसवता येत नाहीत.