शंकरपटाचा धुरळा आणि हिशेबाची वही

बोरसी हे एकेकाळचे खेडे. आज ते दुर्ग आणि भिलाईच्या वस्तीत इतके मिसळून गेले आहे की, खेडे कुठे संपले आणि शहर कुठे सुरू झाले, हे नवख्या माणसाला सांगता येत नाही. छत्तीसगडच्या या भागाला मराठी माणूस परका नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे होता. पुढे १९५६ पर्यंत या प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली आणि देशभरातून माणसे नोकरीसाठी इथे आली. त्यांत विदर्भातली मराठी कुटुंबेही होती.

या दोन प्रांतांचे नाते पहायचे असेल तर पोळ्याचा दिवस गाठावा. श्रावण अमावास्येला छत्तीसगडी घरात ‘पोरा’ असतो. मातीचे नांदिया बैल पुजले जातात, ठेठरी आणि खुरमी तळली जाते, मुले चाके लावलेले बैल अंगणात ओढतात. शेजारच्या मराठी घरात त्याच दिवशी पुरण शिजते, आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल बाहेर निघतात. रायपूरच्या रावणभाठा मैदानावर पोळ्याला सजवलेल्या बैलांची दौड लावतात आणि ती पाहायला मोठी गर्दी लोटते.

पण बैलांची खरी शर्यत, म्हणजे विदर्भाचा शंकरपट पाहायचा असेल, तर दुर्ग स्टेशनवर येऊन नागपूरकडे जाणारी गाडी पकडायला हवी. गंमत अशी की, त्याच रुळांवरून पुढे गेले की सुमारे चारशे किलोमीटरवर धामणगाव लागते, आणि तिथून जवळच आहे तळेगाव दशासर. अमरावती जिल्ह्यातले हे गाव शंकरपटासाठी साऱ्या विदर्भात प्रसिद्ध आहे.

दिवसा पट, रात्री नाटक

गाडी राजनांदगाव सोडते, डोंगरगढला बम्लेश्वरीचा डोंगर मागे टाकते आणि जंगलातून गोंदियाला येते. इथून झाडीपट्टी सुरू होते. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतला हा धानाचा मुलूख. दिवाळीनंतर धान घरात आले की गावोगाव मंडई भरते आणि पुढे पटाचे दिवस येतात.

झाडीपट्टीत पट म्हणजे केवळ शर्यत नव्हे. गावात पट ठरला की लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे मुक्कामाला येतात. दिवसा बैल धावतात आणि रात्री मंडपात नाटक रंगते. वडसा हे या नाटकांचे केंद्र. तिथल्या नाट्यमंडळ्या हंगामभर या गावातून त्या गावात फिरत असतात. चहावाला, भजीवाला, खेळणी विकणारा, पाळणेवाला या सगळ्यांची कमाई पटाशी बांधलेली असते. मुलामुलींची लग्ने जुळवण्याची बोलणीही पाहुण्यांच्या या गर्दीत होतात. एका पटावर किती घरांच्या चुली पेटतात, हे पट बंद पडले तेव्हा लोकांच्या ध्यानात आले.

भंडारा, नागपूर मागे टाकून गाडी वर्ध्याला येते. हा गवळाऊ बैलांचा प्रदेश. पांढरा, हलक्या बांध्याचा, चपळ पायांचा हा बैल गाडी घेऊन वेगाने धावण्यासाठी पूर्वीपासून नावाजलेला आहे. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या घटल्या. आता शेतकामासाठी बैल ठेवणारा कास्तकार दहादा विचार करतो. पटासाठी जोडी ठेवणारा मात्र हौसेने पदरमोड करतो. पेंड, उडीद, दूध, रोजचे चालवणे, मालिश आणि जोडी एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्याचे टेम्पोभाडे असा तो वर्षभराचा खर्च असतो. बक्षीस मिळाले तरी त्यातून तो भरून निघेलच, असे नाही.

तळेगावची रीत

पुलगाव गेले की धामणगाव. तळेगाव दशासरचा पट भरवते ते तिथले कृषक सुधार मंडळ. संक्रांतीच्या सुमारास शेतातली घाई ओसरली की पटाचे मैदान तयार होऊ लागते. हलक्या छकड्याला दोन बैल जुंपलेले, त्यावर जेमतेम पाय ठेवायला जागा आणि कासरा हातात धरलेला धुरकरी. निशाण पडते, जोडी सुटते आणि पाहणाऱ्याने श्वास सोडण्याआधी पलीकडच्या रेषेपार होते. एकेकाळी हातातल्या घड्याळावर वेळ मोजत. आता विजेवर चालणारी यंत्रे आहेत आणि सेकंदाच्या अंशावर निकाल लागतो.

तळेगावचे वेगळेपण म्हणजे इथला महिलांचा पट. शेवटच्या दिवशी छकड्यावर बायका उभ्या राहतात. पदर खोचून, कासरा आवळून त्या जोडी हाकतात, तेव्हा मैदानाच्या दोन्ही कडांना माणूस मावत नाही. ज्या बाईने घरच्या बैलांना वर्षभर चारा-पाणी केले, तिच्या हाती एक दिवस कासरा येतो. या एका गोष्टीसाठीही तळेगावला जाण्यासारखे आहे.

बंदी कशामुळे आली?

ही सारी धामधूम मध्यंतरी थांबली होती. केंद्र सरकारने २०११ मध्ये बैलाचा समावेश खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती या दोन्हींवर बंदी घातली. यामागे कारणे नव्हती असे नाही. शेपट्या पिरगाळणे, चाबकाचे फटके, खिळे लावलेल्या काठ्या हे प्रकार घडत होते, आणि त्याची तक्रार प्राणिमित्रांनी न्यायालयापुढे मांडली होती. बैलाला देव मानणाऱ्या माणसानेच पैजेच्या भरात त्याच्या पाठीवर वळ उठवावेत, हे कुणालाही समर्थन करता येण्यासारखे नव्हते.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण प्रकरण न्यायालयात अडकले. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. गुलाल उधळला गेला, फटाके वाजले. गुलाल खाली बसल्यावर मात्र गावोगावच्या मंडळांपुढे नवा प्रश्न उभा राहिला. अटी पाळायच्या, पण त्यांचा खर्च कोणी करायचा?

एका पटाला काय काय लागते?

नियम वाचले की खर्चाचा अंदाज येतो. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. धावपट्टी एक हजार मीटरपेक्षा लांब नको आणि ती खडकाळ, चिखलाची किंवा डांबरी रस्त्यावर नको. बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी हवी. काठी, चाबूक, विजेचा धक्का यांना मनाई. बैलांसाठी सावली, पाणी आणि विश्रांतीची जागा हवी. कायदा मोडून बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कागदावरच्या या ओळी मैदानात उतरवायच्या तर पैसा लागतो. शेत नांगरून, दगड वेचून, रोलर फिरवून, पाणी मारून पट्टी तयार करावी लागते. रेषेपार गेलेली जोडी जागच्या जागी थांबत नाही. तिला वेग कमी करायला पुढे मोकळी जमीन लागते, म्हणजे शेजारच्या शेतकऱ्याची मनधरणी आली. दोन्ही कडांना लोकांना मागे ठेवणारे मजबूत कठडे हवेत. नुसता दोर बांधून भागत नाही, कारण गर्दीचा रेटा आला की दोर पुढे सरकतो. जोडी बिथरून गर्दीत घुसली की बैल आणि माणूस दोघांच्याही जिवावर बेतते. बांबूबल्ल्या, मंडप, डॉक्टर, रुग्णवाहिका, चित्रीकरण, वेळ मोजणारे यंत्र, पिण्याच्या पाण्याचे टँकर अशी यादी लांबतच जाते. यानंतर कुठे बक्षिसांचा आकडा येतो.

जमेची बाजू याच्या मानाने तोकडी. जोडीमागे प्रवेश फी, दुकानांचे भाडे, गावची वर्गणी आणि कुणा दात्याने दिलेले बक्षीस. पाहणारा बहुधा फुकटच पाहतो. एखाद्या वर्षी अवकाळी पाऊस आला किंवा परवानगी ऐनवेळी रद्द झाली तर केलेला खर्च मातीत जातो. आंबेगाव तालुक्यातील लांडेवाडीला १ जानेवारी २०२२ रोजी शर्यत ठरली होती. घाट तयार होता, गाडामालक निघण्याच्या तयारीत होते, आणि करोनाच्या कारणाने आदल्या दिवशी परवानगी रद्द झाली.

याच पुणे जिल्ह्यात दुसरे टोकही दिसते. तिथला बैलगाडा वेगळा. चढणीचा घाट, पुढे जुकाटाची जोडी, मागे धुरीची जोडी आणि सर्वांपुढे दौडणारी घोडी. पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे २०२२ मध्ये झालेल्या शर्यतीत पहिले बक्षीस होते चक्क जेसीबी यंत्र! कारखानदारी, जमिनीचे भाव आणि पुढाऱ्यांचा हात असलेल्या भागाला हे परवडते. झाडीपट्टीतल्या धानउत्पादकांच्या गावाने त्याच्याशी बरोबरी कशी करायची? मग बक्षिसाचा आकडा राखण्यासाठी कात्री लागते ती कठड्यांना, रुग्णवाहिकेला आणि बैलांच्या मंडपाला. नेमकी धोक्याची जागा हीच.

साता समुद्रापारही हीच रड

हा पेच केवळ आपल्या खेड्यांचा आहे असे मात्र नाही. इंग्लंडमध्ये ‘स्पीडवे’ नावाची मोटारसायकलींची शर्यत आहे. लंडनजवळच्या हाय बीच येथे १९२८ मध्ये तिची मोठी सुरुवात झाली. मातीची लंबगोल धावपट्टी, चार स्वार, चार फेऱ्या, ५०० सीसीची गाडी आणि तिला ब्रेकच नाही! वळणावर मागचे चाक घसरवत गाडी काबूत ठेवायची. १९८१ साली वेम्बली मैदानावर या खेळाची जागतिक अंतिम फेरी पाहायला नव्वद हजारांवर माणसे जमली होती.

आज तिथे गर्दी ओसरली आहे आणि खर्च मात्र वाढला आहे. स्वार आदळला तर मार कमी लागावा म्हणून वळणांवर हवेने फुगवलेले कुंपण लावतात. ते विकत घ्यायचे, फाटले की दुरुस्त करायचे. डॉक्टर आणि रुग्णवाहिका हजर नसतील तर शर्यत सुरूच होत नाही. स्वारांच्या जिवासाठी हे सारे हवेच, पण ते पेलायचे प्रेक्षकांच्या तिकिटातून. त्यात बऱ्याच क्लबांची मैदाने भाड्याची. मालकाने जागेचा दुसरा उपयोग करायचे ठरवले की क्लबला बाहेर पडावे लागते. स्विंडनमध्ये २०१९ नंतर शर्यत झाली नाही. पीटरबरो आणि वुल्व्हरहॅम्प्टन या जुन्या मैदानांवर २०२३ मध्ये शेवटच्या शर्यती झाल्या. तिथे ना न्यायालयाची बंदी होती, ना लोकांचा विरोध. जमा-खर्चाच्या वहीने आणि जागेच्या व्यवहाराने ते मैदान मारले.

विदर्भाने यातून एवढे ओळखावे की न्यायालयात जिंकलेला खेळ हिशेबात हरू शकतो.

वाट निघू शकते

तशी वाट अगदीच बंद नाही. प्रत्येक गावाने दरवर्षी नव्याने बांबू, मंडप आणि यंत्र भाड्याने आणण्याऐवजी पाच-दहा गावांनी मिळून कठडे आणि घड्याळयंत्र घेतले, तर ते हंगामभर फिरवता येईल. पटाच्या तारखा आधीच एकत्र बसून ठरवल्या, तर पशुवैद्यक आणि रुग्णवाहिका यांचीही ओढाताण होणार नाही. बक्षिसाचा आकडा थोडा खाली आणून तो पैसा मैदानावर खर्च केला, तर जोडीमालकही तक्रार करणार नाही. लाखमोलाची जोडी घेऊन येणाऱ्याला चांगली पट्टी बक्षिसाइतकीच महत्त्वाची असते. आणि पट संपल्यावर हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवला, तर पुढच्या वर्षी वर्गणी मागताना कार्यकर्त्याची मान खाली जाणार नाही.

पटाचे दिवस साधारणपणे जानेवारीपासून उन्हाळा तापेपर्यंत. तळेगाव दशासरला जायचे तर धामणगाव स्टेशनवर उतरावे. झाडीपट्टीतला पट पाहायचा तर गोंदिया किंवा भंडारा गाठून गावाची चौकशी करावी. तारखा परवानगीवर अवलंबून असतात, म्हणून आधी खात्री करून घेतलेली बरी. सकाळी लवकर पोचावे, डोक्यावर टोपी आणि जवळ पाणी असावे, लहान मुलांना कठड्यापासून दूर धरावे. रेषेच्या पुढची मोकळी जागा पाहायला सोयीची वाटली, तरी तिथे उभे राहू नये. ती जागा बैलांची आहे.

आणि मंडपाच्या दाराशी पावतीपुस्तक घेऊन बसलेला कार्यकर्ता दिसला, तर नजर चुकवून पुढे जाऊ नये. आपल्या ऐपतीप्रमाणे एक पावती जरूर फाडावी. कठड्याचा एखादा बांबू तरी त्यातून येईल.