आम्ही परदेशस्थ

परदेशात राहायला पासपोर्ट लागतो, हा एक गैरसमज आहे. आम्ही उभयता गेली चोवीस वर्षं परदेशात आहोत आणि कागद म्हणाल तर आमच्याजवळ कोथरूडच्या पत्त्याचं रेशनकार्ड आहे. मूळ देश नागपूर. मुक्काम पोस्ट पुणे.

आता तुम्ही म्हणाल, नागपूरहून पुण्याला येणं म्हणजे काय परदेशगमन झालं? राज्य एक, भाषा एक, वीजबिलाचा नमुनासुद्धा एक. पण माझे वडील जन्मले तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. ते शाळेत असताना ती मध्य प्रदेशाची राजधानी झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात आलं आणि १९६० साली महाराष्ट्रात. म्हणजे महालातल्या घराचा उंबरठाही न ओलांडता वडिलांनी चार राज्यं पाहिली आणि ते चारही ठिकाणी घरचेच राहिले. आम्ही एक राज्य धरून बसलो, फक्त गाव बदललं, आणि परके झालो.

भाषा एक, हे तर साफ खोटं. पुण्यातल्या पहिल्याच आठवड्यात हिने भाजीवाल्याकडे दहा रुपयांचा सांबार मागितला. त्याने अतिशय सभ्यपणे कोपऱ्यावरच्या उडप्याचं हॉटेल दाखवलं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? शेंगदाण्याला फल्लीदाणे म्हटलं तेव्हाही दुकानदाराने आमच्याकडे असंच दयेने पाहिलं होतं.

तळमजल्यावरचे काका भेटले तेव्हा मी आपुलकीने विचारलं, "काय करून राहिले, काका?"

"करून नाही, न करता राहिलोय. निवृत्त आहे मी."

हे काका इतिहासाचे जाणकार. आम्ही नागपूरचे हे कळताच ते म्हणाले होते, "तुमच्या जानोजी भोसल्याने १७६३ साली निजामाबरोबर येऊन आमचं पुणं लुटलं." जणू काही तो मुद्देमाल आमच्या माळ्यावर आहे! मी म्हटलं, "काका, त्याच वर्षी राक्षसभुवनला जानोजी पेशव्यांकडे परत आला होता. आणि लुटीचं म्हणाल तर घरभाडं आणि नंतर फ्लॅटचे हप्ते यांतून आम्ही ती व्याजासकट फेडतो आहोत." काका हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी वाचायला एक जाडजूड बखर आणून दिली, आणि पुण्यात याला स्नेह म्हणतात हे आम्हाला पुढे दोनतीन वर्षांनी समजलं.

परकेपण एरवी जाणवत नाही. नोकरी, डबा, रिक्षावाल्याचा नकार यात माणूस पुणेकर होऊन जातो. ते जाणवतं सुट्टीला. आणि तेही सगळ्यांच्या सुट्टीला नव्हे, जी आपली सुट्टी इथे कोणाचीच नसते तिला. आमची ही सुट्टी म्हणजे पोळा. पश्चिम महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी बैलांचा सण म्हणजे बेंदूर, आणि तो आषाढात उरकलेला असतो. आमचा पोळा श्रावणी अमावास्येला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा पोळा. लाकडी बैलाला सजवून, दोरी धरून पोरं दारोदार जातात आणि त्यांच्या हातावर जे पैसे ठेवायचे त्याला बोजारा म्हणतात. दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली असं सांगतात. त्याच दिवशी मारबतींची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची. गावातली रोगराई आणि इडापीडा त्यांच्या गळ्यात मारायची आणि त्यांना गावाबाहेर नेऊन जाळायचं. सोबत बडगे, म्हणजे ज्याचा ज्याचा राग आलाय त्याचे पुतळे. नागपूरकर वर्षभर इतका शांत का असतो, त्याचं कारण हे.

२०२५ साली पोळा आला शुक्रवारी, २२ ऑगस्टला. म्हणजे एक रजा टाकली की शनिवार-रविवार धरून तीन दिवस. मी ‘पोळ्यासाठी रजा हवी’ असा अर्ज केला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"अहो, पोळ्यांसाठी रजा कशाला? बाई लावा ना!"

अनुस्वाराचा हा घोटाळा निस्तरण्यात मधली सुट्टी गेली, पण रजा मिळाली. नागपूरला जायचा विचारही झाला होता. १० ऑगस्टलाच पुणे-अजनी वंदे भारत सुरू झाली होती. ८८१ किलोमीटर आणि १२ तास. हिने हिशेब मांडला: एक दिवस जायला, एक यायला, आणि मधल्या एका दिवसात आई विचारणार, "आत्ता तर आले, लगेच निघाले?" त्या प्रश्नाला उत्तर नसतं म्हणून आम्ही गेलो नाही. फोनवर दिवाळीचं सांगितलं. आई "बरं" म्हणाली. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचं "बरं" फार लांबतं.

लेक घरी नव्हतीच. ती जन्माने पुणेकर. ‘आम्हा पुणेकरांना’ अशीच तिची वाक्यं सुरू होतात. ती मैत्रिणींबरोबर राजगडावर गेली होती.

शुक्रवारी मातीचे बैल आणायला आम्ही दोघं मेट्रोने मंडईत गेलो. (मेट्रो आमच्याकडे २०१९ साली आली, पुण्यात २०२२ साली. हे मी गाडीत जरा मोठ्याने म्हटलं. हिने चिमटा काढला.) चार-पाच दिवसांवर गणपती, त्यामुळे जिकडेतिकडे मखरं, माळा आणि माणसं. बैल कुठे मिळतील विचारलं की लोक आमच्याकडे बैलासारखे पाहत. शेवटी एका बाईच्या टोपलीत दिसले. मी एकच उचलला तर ती म्हणाली, "जोडीने न्या. एकटा बैल कोण पुजतंय?" पुरणपोळी झाली, पूजा झाली, आणि जेवायला आम्ही दोघं आणि ते दोघं.

शनिवारी सकाळी मोबाइलवर मारबत पाहिली. मग आपल्या इथे कोणकोणते बडगे काढता येतील याची यादी करत बसलो. हिने फाटकावरच्या ‘नो पार्किंग’ पाटीपासून सुरुवात केली. अठराव्या बडग्यापर्यंत पोचल्यावर लक्षात आलं की एवढा राग यायला त्या गावात मुरावं लागतं. यादी अर्धवट सोडली.

दुपारी मी माळ्यावरून लेकीचा लाकडी बैल काढला. हातभर उंच, चार चाकं, त्यातलं एक कुरकुरणारं. हिने शिंगांना बेगड लावलं, जुन्या साडीच्या काठाची झूल केली. चाक फिरतं का पाहायला म्हणून मी तो जिन्याखालच्या मोकळ्या जागेत ओढला, तर त्या आवाजाने दुपारची झोपमोड होऊन काका बाहेर आले. मागे त्यांचा पाच वर्षांचा नातू. नातवाने बैल पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या हातातली दोरी काढून घेतली. विचारणं वगैरे नाही.

पहिल्या दाराच्या बाईंनी बैलाकडे न बघताच सांगितलं, "वर्गणी दिली आम्ही. पावती आहे." दुसऱ्या दाराने दार साखळी लावूनच उघडलं. तेव्हा काका पुढे झाले. "वर्गणी नव्हे हो. बोजारा! १८०६ सालची प्रथा आहे," असं म्हणून त्यांनी त्या उंबरठ्यावर पंधरा मिनिटं रघुजीराजांची कारकीर्द सांगितली. पुढच्या मजल्यांवर ही बातमी आधीच पोचली असावी. व्याख्यान सुरू होण्याआधीच लोक सुटे पैसे घेऊन दारात उभे होते. अकरा दारांत मिळून एकशे चाळीस रुपये आणि एक चिक्की जमली. आमच्या दाराशी पोर आलं तेव्हा हिने त्याला ओवाळलं आणि हातावर अकरा रुपये ठेवले. काका म्हणाले, "पुढच्या वर्षीची तारीख आधी कळवा. सोसायटीच्या फळ्यावर लिहावी लागेल."

रात्री आईचा फोन आला. महालात यंदा पोरं कमी आली, नोटा उरल्या, गच्चीवरून मारबत नीट दिसली, हे सगळं सांगून झालं. मग तिने दर वर्षीचा प्रश्न विचारला, "तिथे कोणी आलं का रे बोजारा मागायला?" दर वर्षी मी या प्रश्नाला पाऊस कसा आहे ते सांगतो.

"आलं होतं," मी म्हटलं.

"अगोबाई! कोणाचं पोर?"

"खालच्या काकांच्या घरचं. अस्सल पुण्याचं."

"काय दिलं मग त्याला?"

"अकरा."

"अकराच? अरे, परक्या गावात पहिल्यांदा दारी आलं लेकरू, अन् अकरा देता? एकवीस तरी द्यायचे!"

मी फोन ठेवेपर्यंत ही दहाची नोट घेऊन जिना उतरायला लागली होती.