दहावीच्या पुढची टिपणं

कायद्याची सक्ती चौदाव्या वर्षी संपते. २००९चा शिक्षणहक्क कायदा आठवीपर्यंतच येतो. पण आठवीतल्या पोराला ‘पुढे काय?’ असं कोणी विचारत नाही. तो प्रश्न दहावीच्या निकालाच्या दुपारी निघतो, तोही आधी टक्के विचारून झाल्यावर.

*

टक्क्यांची उतरंड गावोगावी पाठ आहे. नव्वदच्या वर सायन्स, त्याखाली डिप्लोमा नाहीतर कॉमर्स, मग आर्ट्स, आणि ‘कुठेच नंबर लागला नाही तर आयटीआय’. पोराला काय आवडतं, त्याला या हिशेबात रकानाच नाही. २०१६पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेत. कल कधी ललित कलेकडे निघायचा, कधी गणवेशधारी सेवांकडे. घरचे तो कागद वाचायचे, हसायचे आणि सायन्सचा फॉर्म भरायचे.

*

जूनमध्ये खरी परीक्षा पालकांची. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर. सेतू केंद्रात सर्व्हर डाउन, तलाठी मीटिंगला, बापाचा रोज बुडालेला. २०२५पासून अकरावीचा प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाला. त्यातली मेख अशी, की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. सायबर कॅफेवाल्याने घाईत भरलेला पसंतीक्रम मग दोन वर्षं गळ्यात.

*

आयटीआयला ‘ढ मुलांची जागा’ म्हणणाऱ्याने एकदा फिटरच्या वर्कशॉपमध्ये सकाळभर उभं राहावं. सुरुवातीला पोराच्या हातात लोखंडी पट्टीचा तुकडा देतात आणि सांगतात, कानस मार. शेगड्यात तुकडा आवळायचा, एका हाताने मूठ, दुसऱ्या हाताने कानशीचं टोक दाबायचं आणि सरळ ढकलायचं. सरळ ढकलणं हीच अवघड गोष्ट. नवख्याची कानस झुलते, कडा गोल होतात. मग गुण्या लावून जॉब उजेडासमोर धरायचा. पातं आणि लोखंड यांच्या मधून उजेडाची रेघ दिसली, की निदेशक काही बोलत नाहीत, नुसता जॉब परत हातात देतात. तळहाताला फोड येतात, निळ्या ड्रेसला लोखंडाचा कीस चिकटतो. पुढे याच हातांनी मेल-फिमेल फिटिंग करायचं असतं. दोन तुकडे एकमेकांत सरकायला हवेत, पण खुळखुळायला नकोत. भूमितीत पस्तीसवर अडकलेली पोरं इथे काटकोनासाठी हमरीतुमरीवर येतात.

*

‘इंटिग्रेटेड’ नावाची सोय: नाव ज्युनिअर कॉलेजात, पोर क्लासमध्ये. हजेरी लागते, प्रयोगवही छापील मिळते. जेईई-नीटच्या नादात परीक्षानळी न धरलेली मुलं बारावी सायन्स होतात. त्यांना कोणी ढ म्हणत नाही.

*

पाबळ, तालुका शिरूर. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुंबईतली संशोधनाची मोठी नोकरी सोडून १९८३ साली इथे विज्ञान आश्रम काढला. वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम: वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया. शाळा सुटलेली पोरंही चालतात. एका मुलाला हे सगळंच थोडंथोडं कशाला, अशी शंका शहरवाल्यांनाच येते. गावात मोटर जळते, गोठ्याचं छप्पर उडतं, आणि तेव्हा ‘माझा ट्रेड वेगळा’ म्हणून चालत नाही.

*

आडव्या वाटा आहेत, पण शाळेच्या फलकावर त्या मी अजून पाहिलेल्या नाहीत. दोन वर्षांचा आयटीआय झाला, की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. डिप्लोमा झाला, की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात. दहावीनंतर आयटीआय करून भाषांचे पेपर दिले, तर बारावीची समकक्षता मिळते. वेल्डर, वायरमन अशा ट्रेडना आठवी पासही चालते. शाळा सुटलेल्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. म्हणजे पंधराव्या वर्षी घेतलेला निर्णय फिरवता येतो. मग ‘आता चुकलास तर आयुष्य गेलं’ हा दम आपण कशाच्या जोरावर देतो?

*

पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी पोरं सातारा-सांगलीकडे कुठेही दिसतील. भरतीची तयारी. अग्निवीरची मुदत चार वर्षांची, पुढे कायम होतात ते चौघांत फार तर एक. हे पोरांना ठाऊक असतं. अकॅडमीची फी मात्र शेतीच्या पैशांतून जाते, आणि धावण्यासोबत एखादा ट्रेड शिकवणारी अकॅडमी मला तरी दिसलेली नाही.

*

१९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. विद्यावेतन मिळतं, शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्रही. वाईट एवढंच, की काही ठिकाणी शिकाऊ म्हणजे स्वस्तातला हेल्पर. वर्षभर पेट्या उचलून आलेला पोरगा प्रमाणपत्र दाखवतो, पण लेथवर उभं राहायला कचरतो.

*

मुलींची शाखा पुष्कळदा एसटीच्या वेळापत्रकावर ठरते. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास आहे. पण पास म्हणजे गाडी नव्हे. सायन्सचं प्रॅक्टिकल उशिरा सुटतं आणि गावची शेवटची गाडी त्याआधीच निघून जाते, म्हणून आर्ट्स. इलेक्ट्रिशियनला जागा रिकामी असताना मुलगी शिवणकामाला, कारण त्या बॅचला गावातल्या आणखी दोघी आहेत आणि तिघी मिळून येतात-जातात. समुपदेशनाचे तक्ते छापण्याआधी कोणीतरी आगारात जाऊन संध्याकाळच्या फेऱ्या विचारून यावं.