चिवळीतली दुधी

आत्या अमरावतीहून आली, की पुण्यात तिला दोन गोष्टींची उणीव भासते. एक तिकडचं ऊन, दुसरी चिवळ. उन्हाबद्दल ती फारसं बोलत नाही. चिवळीबद्दल मात्र रोज सकाळी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, एकदा तरी बोलतेच. त्यामुळे गेल्या श्रावणात सोसायटीच्या पार्किंगमध्ये फरशांच्या फटीतून लालसर दोऱ्यांवर बारीक पानांची नक्षी पसरलेली दिसली, तेव्हा मला गुप्तधन सापडल्यासारखं झालं. आडवी पसरलेली, पानं समोरासमोर, काड्या लाल. चिवळच. वाटीभर खुडली आणि मोठ्या ऐटीत आत्याच्या पुढ्यात ठेवली.

तिने चष्मा शोधला, सापडला नाही. मग त्याच्याशिवायच तिने एक काडी उचलली आणि नखाने मोडली. तुटल्या जागी मोहरीएवढा पांढरा थेंब फुगला.

“हे चिवळ नाही होय रे बापा,” ती म्हणाली. “दुधी होय हे. फेक. अन् हात धू, डोळ्याले लावशील.”

अख्खी वाटी केराच्या टोपलीत गेली. मी गेली कित्येक वर्षं झाडांवर लिहितो, खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग बाळगतो, आणि शाळा चौथीत सुटलेल्या बाईने मला चष्म्याशिवाय नापास केलं. वाईट वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल. ती झोपल्यावर मी टोपलीतून दोन काड्या परत काढल्या.

आता दुधी म्हटलं, की आपल्याकडे आधी भोपळा आठवतो. ही ती नव्हे. ही अंगणातली, रस्त्याकडेची, कुंडीत न लावता उगवणारी. नायट्यावर तिचा चीक लावायचे म्हणून काही ठिकाणी हिला नायटीच म्हणतात. मोठी नायटी आणि लहान नायटी. थोरलीला गोवर्धन असंही एक भारदस्त नाव आहे, ते कसं पडलं देव जाणे. शास्त्रात हे सगळं युफोर्बिया. मॉरेटेनियाच्या जुबा राजाने एका काटेरी, चिकाळ झाडाला आपल्या वैद्याचं, युफोर्बसचं, नाव दिलं आणि लिनियसने 1753 मध्ये ते पुऱ्या कुळीला लावून टाकलं. आज त्यात दोन हजारांच्या आसपास जाती मोजतात. राजवैद्याचं नाव पार्किंगच्या फटीपर्यंत पोचलं.

खरी चिवळ शोधायला दुसऱ्या दिवशी फार लांब जावं लागलं नाही. गच्चीतल्या एका फुटक्या कुंडीत ती होती. दोन्ही काड्या शेजारी शेजारी ठेवल्यावर मात्र आपण काल आंधळे होतो की काय असं वाटलं. चिवळ ही घोळीची धाकटी बहीण. तिचं पान जाड, दाबलं तर पाणी सुटतं, दूध नाही. पेरापेरावर पांढऱ्या लांब केसांचा झुबका. फूल उमललेलं असेल तर पिवळं, चार पाकळ्यांचं. आणि फळ म्हणजे झाकणाची डबी: पिकलं की वरचं टोपण अलगद निघतं आणि आत काळं बी भरलेलं.

दुधीचं पान पातळ. पण गंमत त्याच्या बुडाशी आहे. मधली शीर पानाला बरोबर मधोमध कापत नाही. देठाजवळ एक बाजू खाली उतरते, दुसरी वरच थांबते. घाईत भांग पाडलेल्या शाळकरी पोरासारखं दिसतं ते. एकदा हा वाकडा भांग दिसला, की पुन्हा चुकत नाही. नखाने मोडायच्या आधीच डोळा सांगतो. खोडाचीही एक खोड आहे. बी रुजतं, पहिली दोन दलं उघडतात, आणि मधला शेंडा तिथेच थांबतो. पुढची सगळी वाढ बाजूच्या फांद्यांची. म्हणून फरशीवरची दुधी मुळापासून चहूकडे फाकते, रांगोळीत मधल्या ठिपक्यापासून रेघा ओढाव्यात तशी. चिवळ तशी मध्यातून फाकत नाही, ती वाट मिळेल तिकडे जाते.

इथवर आत्याची आणि माझी बरोबरी. पण भिंग हातात होतं आणि टोपलीतल्या दोन काड्या एकमेकींसारख्या नव्हत्या. म्हणजे आत्याने ‘दुधी’ म्हणून फेकली, तीही एक नव्हती.

मग पार्किंगभर फिरलो. वॉचमनला वाटलं माझं काहीतरी पडलंय. पाण्याच्या टाकीजवळ सहज सापडली ती मोठी नायटी, हिर्टा. ही अर्धवट उभी राहते, खोडावर पिवळसर राठ केस, पानाच्या मधे बऱ्याचदा जांभळट डाग आणि पेरापेराला फुलांचे गच्च गोळे. हिला ओळखायला भिंग लागत नाही. आजीबाईच्या बटव्यात मुरलेली ही वनस्पती मूळची अमेरिकेची, हे वाचलं तेव्हा मिरचीबद्दल पहिल्यांदा ऐकताना झालं होतं तसंच झालं. बाकीच्या तिघी मात्र जमिनीला चिकटून, जेमतेम नखाएवढ्या पानांच्या, आणि लांबून अगदी एकसारख्या.

त्यांची उकल फळात होती. युफोर्बियाचं ‘फूल’ म्हणजे खरं तर एक इवलीशी वाटी. कडेला मधाच्या ग्रंथी, आत पाकळ्या नाहीत की काही नाही, नुसते एकेक पुंकेसर म्हणजे एकेक नरफूल, आणि मधोमध एकुलतं एक मादीफूल. ते फळू लागलं, की त्याचा देठ लांबतो आणि तीन फुगीर कप्प्यांचं ते फळ वाटीच्या काठावरून मान टाकतं. एका फांदीवर ही फळं अंगभर लवेची होती, आणि ती धड बाहेरही आलेली नव्हती. वाढता वाढता त्यांनी वाटीच एका बाजूने फाडली होती. ही लहान नायटी, थायमिफोलिया. दुसरीच्या फळावर केस होते, पण फक्त तीन धारांवर, कडेने दोरा घातल्यासारखे. मधली पाठ तुळतुळीत. ही प्रोस्ट्राटा. तिसरी सगळीच बिनकेसाची, आणि उचलायला गेलो तर येईना, कारण पेरापेराला मुळं फुटली होती. ही सर्पेन्स, नावाप्रमाणे सरपटणारी.

पुस्तकात याच्याही पुढे लिहिलं होतं: बी पाहा. थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची वनस्पतीसूची 1901 ते 1908 या काळात निघाली. हे गृहस्थ पेशाने इंजिनियर, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. पुलांचं शिकवणाऱ्या माणसाला तणाचं बी पाहायची सवड होती, याचा मला दर वेळी हेवा वाटतो.

बी हाती लागणं सोपं नव्हतं. फळ हिरवं असलं तर आतलं बी कच्चं, आणि पिकलं की ते वाळून तडकतं आणि बी कुठल्या कुठे उडतं. शेवटी तीन जातींच्या काड्या तीन वाट्यांत ठेवून वर चहाच्या गाळण्या उपड्या घातल्या. आत्या बघत होती, पण काही बोलली नाही. दुपारी घर निजलेलं असताना ओट्यावरून बारीकसा ‘टिक’ आवाज आला. मग मिनिटाभराने आणखी एक.

एका फळात बरोबर तीन बिया. खसखशीच्या दाण्याहूनही किंचित लहान. भिंगाखाली त्यांना चार कोपरे दिसले आणि मला घरचा पाटा आठवला. प्रोस्ट्राटाच्या बीवर आडव्या धारदार रेघा, सहा-सात, नुकतीच टाकी लावून आणलेल्या पाट्यासारख्या. हिर्टाच्या बीवरही रेघा आहेत, पण दहा वर्षं चटणी वाटून झिजलेल्या, नुसत्या सुरकुत्या. आणि सर्पेन्सची बी साफ गुळगुळीत. या गटातल्या बऱ्याच बियांना पाणी लागलं, की वर चिकट लेप सुटतो. पहिल्या पावसात चपलेच्या तळव्याला, सायकलच्या टायरला लागून त्या कुठे कुठे जात असतील, याचा हिशेब न केलेलाच बरा.

संध्याकाळी आत्याला भिंगातून दाखवलं. तिने आधी भिंगच उलटसुलट करून पाहिलं, मग डोळा लावला. “पाटाच होय की!” म्हणाली, मी काही सांगायच्या आत. मग तिने स्वतःची शिकवणी सुरू केली. निवडुंग दोन असतात, एक फड्या आणि एक थोर. फड्या कापला तर नुसता बुळबुळीत, थोर कापला तर दूध. तिचं बरोबर होतं. फड्या हा अमेरिकेतून आलेला कॅक्टस, काटे झुबक्याने. थोर हा दुधीचा सख्खा नातेवाईक, काटे जोडीजोडीने. तिच्या माहेरच्या कुंपणाचा शेर, बिनपानाच्या हिरव्या कांड्यांचा, तोही त्याच घरातला. भगंदरावर वैद्य जो क्षारसूत्राचा दोरा वापरतात, त्याच्यावर थोराच्या चिकाची, आघाड्याच्या क्षाराची आणि हळदीची मिळून एकवीस पुटं चढवतात, हे मी सांगितलं. तिला त्याचं कौतुक वाटलं नाही. शेराचा चीक डोळ्यात जाऊन आठ दिवस अंधारात बसलेली तिची एक मैत्रीण होती. तिने ती गोष्ट सांगितली, शेवटपर्यंत.

भाजी निवडणं या कामाला आपण फार हलकं समजतो. आत्या ताट मांडीवर घेऊन बसते, तेव्हा तिची बोटं पान उलटं करतात, काडी वाकवतात, मोडतात, वास घेतात. यातलं प्रत्येक पाऊल कुकसाहेबांच्या पुस्तकात आहे, फक्त त्याच क्रमाने नाही. फरक इतकाच, की तिला ‘ताटात राहील’ आणि ‘फेकायचं’ असे दोनच ढीग लागतात. मला चार करायची हौस.

जायच्या आदल्या दिवशी चिवळ मिळाली. गच्चीतल्या कुंडीतली आणि खाली मोकळ्या प्लॉटमधली मिळून जेमतेम ताटभर. तीही मीच खुडली होती, प्रत्येक पेराचा झुबका बघून. आत्याने ती पुन्हा निवडायला घेतली. माझ्यावर तिचा विश्वास नव्हता असं नाही, पण एकेक काडी ती मोडत होती. अर्ध्यावर आल्यावर ती थांबली, एक लाल दोरा बाजूला काढून माझ्यापुढे धरला. टोकावर पांढरा थेंब.

“हे कोणती होय रे तुझी?”

मी भिंग आणायला आत गेलो.